एकच पासवर्ड सगळ्यांना, की ज्याचं त्याचं खातं?

संस्थेची वर्डप्रेस साइट (वर्डप्रेस म्हणजे संकेतस्थळ चालवायची प्रणाली) तिघाचौघांनी सांभाळायची तर वाटा तीन: अ‍ॅडमिनचा एकच पासवर्ड सगळ्यांना, प्रत्येकाला स्वतंत्र खातं, किंवा ठरावीक मुदतीची लॉगिन लिंक. आमच्या वाचनालयाच्या साइटवर मी तिन्ही वापरून पाहिल्या आहेत.

एकाच पासवर्डाला सगळे नावं ठेवतात, पण त्याची सोय नाकारता येत नाही. आधी काही मांडामांड नको. ‘मला ते बटण दिसतच नाही’ असा फोन येत नाही, कारण सगळ्यांना सगळंच दिसतं. दोघंच असाल आणि रोज एकाच टेबलाशी बसत असाल, तर कदाचित निभेलही.

माझं मन उडालं ते ओटीपीपायी. पासवर्ड इतक्या जणांकडे म्हटल्यावर वर दुसरं कुलूप हवंच, म्हणून अ‍ॅपमधला सहा आकडी कोड लावला. तो दिसणार माझ्या फोनवर. मग वेळीअवेळी, ‘काका, ओटीपी सांगता का?’ मी बँकेच्या रांगेत, चष्मा खिशात आणि आकडे दर 30 सेकंदांनी बदलणारे. चारपाच आकडे सांगून होईतो कोड नवा, की पलीकडून ‘परत सांगा’. अ‍ॅप जोडताना दिसणारा क्यूआर कोड सगळ्यांच्या फोनवर स्कॅन करून ठेवता येतो, नाही असं नाही. पण एक जण समितीतून बाहेर पडला की पासवर्डही बदला आणि उरलेल्यांच्या फोनवर कोडही नव्याने लावा. अशाने लोक कंटाळतात आणि कोडच बंद करून मोकळे होतात.

स्वतंत्र खात्यात ज्याचा कोड त्याच्या फोनवर. शिवाय पानाच्या जुन्या आवृत्त्या उघडल्या की कोणी, कधी बदल केला ते नावानिशी दिसतं. कार्यक्रमाची वेळ चुकीची पडली तर बैठकीत तर्क लढवावे लागत नाहीत.

भूमिका, म्हणजे कोणत्या खात्याला काय काय करता येईल ते, देताना मात्र थोडा विचार करा. काँट्रिब्युटर लिहू शकतो, पण त्याला ना प्रसिद्ध करता येतं, ना फोटो चढवता येतो. म्हणजे फोटो तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येणार. ऑथर स्वतःच्या नोंदी प्रसिद्ध करतो, पण ‘संपर्क’सारख्या पानाला हात लावू शकत नाही. आमच्यासारख्या साइटला एडिटर बरा. त्याला सगळा मजकूर खुला. प्लगिन (साइटला जोडायच्या जादा सोयी), थीम (साइटचं रूप) आणि नवे सदस्य जोडणं बंद. मेनूही सहसा बंदच, तेवढ्यासाठी अ‍ॅडमिनला हाक मारावी लागते. ते चालतं.

किरकिरी आहेतच. प्रत्येक खात्याला वेगळा ईमेल लागतो आणि आमचे निम्मे ज्येष्ठ सभासद मुलाचाच पत्ता वापरतात. जीमेल असेल तर पत्त्यात @ च्या आधी अधिक चिन्ह आणि एखादा शब्द घातला की वर्डप्रेसला तो नवा पत्ता वाटतो, पत्रं मात्र त्याच डब्यात पडतात. कोणी सोडून गेलं तर खातं उडवण्याची घाई नको. उडवताना त्याचा मजकूर पुसायचा की दुसऱ्याच्या नावे करायचा, हे विचारलं जातं आणि तिथे बोट चुकलं तर वर्षांचे वृत्तांत जातात. त्यापेक्षा त्याला सबस्क्रायबर, म्हणजे सगळ्यात कमी अधिकारांच्या भूमिकेत, करून ठेवा: लेखांवर नाव राहतं, अधिकार संपतात.

मुदतीची लिंक मला फक्त बाहेरच्या डेव्हलपरसाठी पटते. ‘टेम्पररी लॉगिन विदाउट पासवर्ड’सारख्या प्लगिनमध्ये भूमिका आणि मुदत निवडली की झालं, मुदत संपली की दार आपोआप बंद. पण लिंक ज्याच्या हाती तो आत, आणि आपल्याकडे काहीही ग्रुपवर फॉरवर्ड व्हायला वेळ लागत नाही. दर आठवड्याला साइटवर येणाऱ्यासाठी तर सारख्या नव्या लिंका काढत बसावं लागेल.

होस्टिंग (साइट जिथे ठेवलेली असते ती जागा) आणि डोमेन (साइटचा पत्ता) यांच्या खात्याचा पासवर्ड मात्र यातल्या कुठल्याच वाटेने देऊ नका. डोमेन हातचं गेलं तर वर्डप्रेसमधल्या भूमिकांना काय अर्थ? बऱ्याच कंपन्या तिथेही दुसऱ्याला मर्यादित प्रवेश देऊ देतात. गोडॅडीवर त्याला ‘डेलिगेट अ‍ॅक्सेस’ म्हणतात. तो देताना खरेदीचा अधिकार वगळता येतो. तो वगळाच, कार्ड तुमचं असतं.