मिरजेचा दर्गा की सांगलीचं थिएटर?

गाणं कुठं ऐकावं? माझं मत मिरजेला. दर्ग्यातल्या मीरासाहेबांच्या उरुसात मोठमोठे कलाकार नुसती गाण्याची हजेरी लावायला येतात, किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ ला गेले, त्यांची कबर तिथंच दर्ग्याच्या आवारात, मग गाणारा हिंदू का मुसलमान हे कोण विचारतंय, खाली बसायचं आणि पहाटेपर्यंत ऐकायचं (पाठ मोडते, पण चालतंय). सांगलीत तिकीट, खुर्ची, साऊंड झकास, टाळ्याही वेळेवर. तिथं श्रद्धा नाही असं नाही हां, विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सांगलीत 'सीतास्वयंवर' नाटक केलं तेही देवाचंच की! पण तिकीट काढलं की माणूस हिशोब करत ऐकतो, माझं तरी तसंच होतं.