सुट्या फायली की तुकड्यांचा साठा? शेतकरी कंपनीच्या दप्तरासाठी क्लाउडची निवड

आर्णी, दिग्रस, दारव्हा या भागातील शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयात सभासदांचे सातबारे, काटापट्ट्या, कापूस-तुरीच्या खरेदीची बिले आणि हिशेबाचे बॅकअप साचत जातात, आणि गूगलची मोफत १५ जीबी जागा, जिच्यात ईमेल व फोटोही मोजले जातात, लवकरच अपुरी पडू लागते. अशा वेळी जागा कशी वाचवावी आणि ठेवलेली फाइल जशीच्या तशी आहे याची खात्री कशी करावी, हे दोन प्रश्न एकत्रच सोडवावे लागतात.

पहिला मार्ग सुट्या फायलींचा. फोल्डर आहे तसा गूगल ड्राइव्हवर चढवायचा आणि आरक्लोन या मोफत साधनाने पडताळायचा. ड्राइव्ह प्रत्येक फाइलची एमडी५ खूण, म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेला छोटा संकेत, स्वतःजवळ ठेवते, त्यामुळे फाइल न उतरवता संगणकावरील प्रतीशी ती जुळवता येते आणि गावातल्या रडतखडत चालणाऱ्या इंटरनेटवरही हे काम उरकते. मात्र ही खूण सेवा देणाऱ्याने सांगितलेली असते. प्रत्यक्ष फाइल तपासायची तर ती उतरवूनच घ्यावी लागते. शिवाय एमडी५ फसवता येते, म्हणजे दोन वेगळ्या फायलींची खूण मुद्दाम एकच करता येते, हे २००४ पासून सिद्ध झालेले आहे, म्हणून अपघाती बिघाड ओळखण्यापुरताच तिचा भरवसा धरावा. या मार्गात जागा जवळजवळ काहीच वाचत नाही.

दुसरा मार्ग रेस्टिकसारख्या बॅकअप साधनाचा. हे साधन फायलींचे सरासरी १ एमबीचे तुकडे करते, प्रत्येक तुकड्याची एसएचए-२५६ खूण (एमडी५सारखीच, पण अधिक भक्कम) काढते आणि तीच खूण आधीपासून साठ्यात असेल तर तो तुकडा पुन्हा चढवत नाही. हिशेबाचा फोल्डर रोज ठेवला जात असेल आणि त्यात दिवसाला चार-दोन नोंदीच बदलत असतील, तर बचत डोळ्यांत भरण्याइतकी होते. पण तोच फोल्डर आधी झिप करून दिला, तर ती बरीचशी हातची जाते. स्कॅनचे मात्र तसे नाही. तोच सातबारा पुन्हा काचेवर ठेवून स्कॅन केला, कागद केसभर तिरका झाला, तरी संगणकाच्या लेखी ती वेगळीच फाइल असते, आणि व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेला फोटोही मूळ फोटोशी जुळत नाही. ज्यांच्या दप्तरात मुख्यतः स्कॅनच आहेत, त्यांनी या बचतीच्या आशेवर राहू नये.

बचतीची किंमतही असते. एकच तुकडा वर्षभराच्या बॅकअपांना पुरत असेल, तर तो बिघडल्यावर त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे बॅकअप एकदम अडचणीत येतात, म्हणून येथे पडताळणी टाळून चालत नाही. २००७ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की साठ्याचा १ टक्का भाग बिघडला असेल, तर यादृच्छिक ४६० तुकडे तपासून तो बिघाड ९९ टक्के शक्यतेने पकडता येतो, मग साठा कितीही मोठा असो. हे मोठ्या पडझडीपुरते ठीक आहे. एकाच शेतकऱ्याचा एकच सातबारा खराब झाला असेल, तर नमुना-तपासणीतून तो सहज निसटतो. त्यामुळे रेस्टिकला दरमहा साठ्याचा बारावा हिस्सा वाचायला लावणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण इंटरनेटवर ताण न येता वर्षभरात जवळपास सगळा साठा नजरेखालून जातो.

सेवा देणारा स्वतःच्या यंत्रांवर सारख्या फायली एकदाच ठेवत असेलही, पण त्याचा लाभ सहसा त्यालाच होतो. ग्राहकाच्या वाट्याची जागा पूर्ण मोजली जाते. म्हणून आपण रेस्टिकप्रमाणे कूटबद्ध करून, म्हणजे परवलीच्या शब्दाशिवाय वाचता येणार नाही असे करून, चढवल्यास त्याची ती सोय जाते, आपले काही जात नाही.

स्कॅनच जास्त असतील आणि संगणक सांभाळणारा माणूस वरचेवर बदलत असेल, तर पहिलाच मार्ग घ्यावा, कारण नव्या माणसाला फाइल मोबाइलवरही उघडता येते. हिशेबाचे रोजचे बॅकअप ठेवायचे असतील तर दुसरा मार्ग निःसंशय सरस आहे. तेवढ्यासाठी दोन्ही मार्ग शेजारी-शेजारी चालवायलाही हरकत नाही. रेस्टिकचा परवलीचा शब्द हरवला तर साठा कोणालाच उघडता येत नाही, म्हणून तो बंद पाकिटात दोन संचालकांकडे निरनिराळ्या गावी ठेवावा आणि खरेदीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी त्याच शब्दाने एखादी जुनी काटापट्टी परत काढून पाहावी.