पन्नासच्या बँका की हव्या तशा याद्या?

रेडिओ स्कॅनर, म्हणजे भरून ठेवलेल्या चॅनेलवरून (फ्रिक्वेन्सींवरून) फिरत जिथे बोलणं असेल तिथे थांबणारा रेडिओ; त्यात चॅनेल भरणं सोपं. दीडशे-दोनशे झाले की हवं ते वेळेवर सापडत नाही, तिथे खरी पंचाईत. म्हणून युनिडेनचा बीसी १२५ एटी घेऊ की बीसीडी ४३६ एचपी, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो: घरी बसून ऐकणार, की नांदेड-लातूर फिरत?

१२५ मध्ये ५०० चॅनेल, ५०-५० च्या १० बँका, म्हणजे कप्पे. स्कॅन चालू असताना १ ते ० पैकी आकडा दाबला की ती बँक चालू किंवा बंद. एवढंच, आणि म्हणूनच मला ही रचना आवडते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जातं ते जेमतेम दहा मिनिटं. त्याचा रेडिओ ऐकू येतो ते १४५.८०० आणि १४५.८२५ मेगाहर्ट्झ मी वेगळ्या बँकेत ठेवलेत. त्या वेळी बाकी नऊ बंद करायच्या. अंधारात गच्चीवर उभं राहूनही हे जमतं.

पहिल्या वर्षी मात्र मी बँडनुसार, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यानुसार भरलं होतं: १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ एका बँकेत, ४३४ ते ४३८ दुसऱ्या. नांदेडला ऐकू येणारं आणि छत्रपती संभाजीनगरला ऐकू येणारं सगळं एकत्र, त्यामुळे स्कॅनर निम्मा वेळ मुक्या चॅनेलवरून फिरायचा. आता एका ठिकाणाला एक बँक. प्रत्येकीत दहा जागा मोकळ्या, कारण नवं काही सापडलं की तिथेच बसवता येतं.

४३६ मध्ये ५० ची चौकट नाही. यादी, तिच्यात सिस्टिम, तिच्यात विभाग, मग चॅनेल; पहिल्या तीन पायऱ्यांना आपापली क्विक की, म्हणजे चालू-बंद करायचा आकडा. बाहेरून जीपीएस जोडला आणि अक्षांश-रेखांश भरून ठेवले तर गाव बदललं की त्या-त्या ठिकाणचे विभाग आपोआप चालू-बंद होतात. डिजिटलही ऐकता येतं. पण त्यात आयती भरलेली माहिती अमेरिका-कॅनडाची. पिनकोड टाकून काही मिळणार नाही, सगळं संगणकावर स्वतः भरायचं, आणि कोणती क्विक की कशाची हे विसरलं की यंत्र उगाच गप्प बसतं. नवख्याला हे फार छळतं.

परवाना आणि कोणते बँड ऐकायला चालतात, हे आधी बघाच.

मग वही घ्या. ऐकायची ठिकाणं लिहा, त्यांच्याखाली चॅनेल. ठिकाणं दहाच्या आत आणि कुठेही पन्नासच्या वर चॅनेल नसतील, तर १२५ पुरे. दर आठवड्याला जिल्हे ओलांडत असाल तर ४३६ चे कष्ट सोसा.