पगारातून ईएसआयचे (कामगारांच्या सरकारी विम्याचे) पैसे कापले, भरलेच नाहीत. प्रेग्नंट असाल तर आजच चेक करा

राग अजून गेलेला नाही, पण लिहितेय कारण आमच्याच लाइनवरच्या अजून दोघींना दिवस गेलेत आणि त्यांच्या स्लिपवरही तेच कटिंग आहे. कॉन्ट्रॅक्टरचं नाव टाकत नाही, तक्रार चालू आहे.

मी पुण्याजवळच्या एका एमआयडीसीत, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होते. कॉन्ट्रॅक्टवर, बाकी सगळ्यांसारखीच. ग्रॉस १८,५००. पगार २१,००० च्या आत म्हणजे ईएसआय, आणि ईएसआय असलं की डिलिव्हरीचा खर्च नाही, वर २६ आठवडे घरी बसून पगाराएवढे पैसे. याच भरवशावर आम्ही वेगळा मेडिक्लेम काढला नाही. आणि दिवस गेल्यावर बाहेरची पॉलिसी काढून त्या बाळंतपणाला काही मिळतही नाही, मॅटर्निटीला आधी वेटिंग पिरियड असतो. कोणी एजंट "मॅडम, ॲडजस्ट करतो" म्हणाला तर त्याच्याकडून लेखी घ्या, मग बघा कसा गायब होतो ते.

ऑगस्ट २०२२ ते सप्टेंबर २०२३, दर महिन्याला स्लिपवर ईएसआय ७४१ रुपये. एकूण १०,३७४.

तो ७४१ चा आकडा आठवला की अजून झोप लागत नाही. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापायचे असतात, म्हणजे माझे १३९. मालकाने स्वतःच्या खिशातून ३.२५ टक्के भरायचे, म्हणजे ६०२. कॉन्ट्रॅक्टरने दोन्ही माझ्याच पगारातून कापले. मालकाचा हिस्सा कामगाराकडून घेता येत नाही असं कायद्यात स्पष्ट आहे. आणि मी गप्प बसले नव्हते हो, पहिल्याच स्लिपला सुपरवायझरला विचारलं, तर म्हणाला ताई दोन्ही हिस्से एकत्र दिसतात, सगळीकडे असंच असतं. शेजारच्या बाईची स्लिप बघितली, तिचंही तसंच. मग काय समजणार माणूस? शिवाय पीएफचे मेसेज वेळेवर यायचे, पासबुकला एंट्री दिसायची. पीएफ भरणारा माणूस ईएसआय खाईल असं कोणाच्या डोक्यात येईल? ईएसआयचं कार्ड मागितलं की "येतंय, प्रोसेसमध्ये आहे". कार्ड नाही, आयपी नंबरची, म्हणजे ईएसआयमधल्या आपल्या विमा नंबरची, जागा स्लिपवर कोरी. बायांनो, कोरी जागा दिसली की तिथेच थांबा, प्रोसेसबिसेस काही नसते.

कळलं ते सहाव्या महिन्यात, नाव नोंदवायला दवाखान्यात गेले तेव्हा. सिस्टीममध्ये माझं नावच नाही. एका पैशाचाही भरणा नाही.

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला पंधरा दिवसांत करून देतो. आता मागून भरून सहज चालतं असं समजू नका. डिलिव्हरी जुलै ते डिसेंबरमध्ये असेल तर त्याच वर्षीच्या मार्चपर्यंतच्या दोन सहामाहींत मिळून ७० दिवसांचा भरणा बघतात. माझी नोव्हेंबरची तारीख, म्हणजे मार्च २०२३ पर्यंतचं रेकॉर्ड हवं होतं. त्याने काहीच केलं नाही, आणि ३० सप्टेंबरला सांगितलं की तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. मॅटर्निटी लीव्ह मागितली तर म्हणे तुम्ही ईएसआयमध्ये आहात, लीव्हचे पैसे आम्ही देत नाही. तिकडे ईएसआयवाले म्हणतात तुम्ही आमच्यात नाहीच. मग मी नक्की कुणाची होते?

सिझर झालं, प्रायव्हेटला, बिल ८२,४००. पतसंस्थेतून ६०,००० काढले, अजून हप्ते चालू आहेत. सुट्टीचे बुडाले ते हिशोबाने १,१२,००० च्या आसपास.

आणि सरकारी ऑफिसं. पोट घेऊन उभी होते तरी कोणी बस म्हणालं नाही. एका खिडकीवर सांगितलं मालकाला घेऊन या. अहो, चोराला मी हाताला धरून आणू का? दुसरीकडे म्हणाले हा विषय केंद्राचा, आमच्याकडे येत नाही. पोलिसांनी स्लिपा हातातही घेतल्या नाहीत, "हे लेबर मॅटर आहे". कामगाराचा ईएसआय कापून न भरणं हा विश्वासघाताचा गुन्हा धरला जातो, तेव्हाच्या दंड संहितेत कलम ४०५ च्या स्पष्टीकरणात ते लिहिलेलं होतं, आता न्याय संहितेत ३१६. हे मला एका युनियनच्या काकांनी सांगितलं, पोलीस स्टेशनमध्ये बसलेल्या माणसाला माहीत नव्हतं किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं. लेखी अर्ज दिला तर पोच द्यायला तयार नाहीत. पोच घेतल्याशिवाय हलू नका, ओरडा केला तरी चालेल. बाळ दीड महिन्याचं असताना मी त्याला घेऊन त्या जिन्यांवर चढलेय, आणि वर गेल्यावर साहेब मीटिंगला. कापलेले पैसे गेले कुठे हे शोधायचं काम माझं आहे का? मालकाने भरलं नाही तरी बाईला लाभ द्यायचा आणि मालकाकडून वसूल करायचा, अशी तरतूद कायद्यातच आहे, पण खिडकीवरचा एकही माणूस ती स्वतःहून सांगत नाही.

आयपी नंबर असेल तर उमंग ॲपवर किंवा ईएसआयच्या पोर्टलवर भरणा महिन्यावार दिसतो, दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात बघा. टोल फ्री १८०० ११ २५२६. सगळ्या स्लिपांचे फोटो काढून ठेवा, नोकरी गेली की लॉगिन बंद करतात. आणि तक्रार नुसती कॉन्ट्रॅक्टरवर करू नका, ज्या कंपनीत काम करता तिच्यावरही करा, कारण कॉन्ट्रॅक्टच्या कामगारांचा ईएसआय भरायची जबाबदारी आधी मूळ कंपनीची असते. हे मला आधी कळलं असतं तर सहा महिने वाचले असते.

कंपनीला रजिस्टर पत्र गेलं आणि तेव्हा कुठे फोन आला. १०,३७४ परत देतो, एका कागदावर सही करा, "कोणतीही देणी बाकी नाहीत". मी सही केली नाही. ८२,४०० आणि २६ आठवड्यांचा पगार याबद्दल कोणी बोलेपर्यंत करणारही नाही, आणि लाइनवरच्या त्या दोघींनाही सांगितलंय, असला कागद पुढे आला तर पेन हातात घेऊ नका.