"कागदांचं मी बघतो" म्हणणाऱ्याने माझे ९३,८०० रुपये खाल्ले

ट्रान्स बायांनो, ज्या स्वतःचे प्रौढांसाठीचे व्हिडिओ स्वतः बनवून विकतात, त्यांच्यासाठी लिहितेय. एका 'मॅनेजर'ने मला ९३,८०० रुपयांना बुडवलं. १४,५०० सेटअपचे, ७९,३०० दोन महिन्यांच्या कमाईचे.

सिग्नलवर हात पसरायचा नाही, दलालाच्या खोलीत बसायचं नाही, म्हणून मी हे काम धरलं. काय दाखवायचं, कुणाला ब्लॉक करायचं, सगळं मी ठरवते. साइट २० टक्के कापते, ८० माझे. हा 'मॅनेजर' टेलिग्रामवर आला, ग्राहक तिप्पट करतो म्हणाला. सेटअपचे पैसे घेतले, मूळ फाइली घेतल्या, आणि कमाई जमा होणारं खातंच बदलायला लावलं.

कळायला हवं होतं ते इथे. "दीदी, कागदांवर जुनं नाव असेल, पैसे अडकतील. आमच्या एका मुलीचं खातं जोडतो. कागदांचं मी बघतो." अगं, माझं आधार २०२३ मध्येच बदललं होतं! जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र, नाव, लिंग, सगळं. साइटने त्याच कागदांवर मला घेतलं होतं, पहिले पैसे माझ्याच खात्यात आले होते. तरी मी ओटीपी सांगितला. मूर्ख म्हणा. पण बँकेत, दवाखान्यात, भाड्याच्या खोलीसाठी वर्षानुवर्षं "नाव जुळत नाही" ऐकलेल्या बाईला ते वाक्य कुठे लागतं, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. पैसे येणारं खातं दुसऱ्याच्या नावावर कधीही नको. मूळ फाइली कुणालाही देऊ नका. मी दिल्या, आणि हिशेब मागितल्यावर त्या फाइली माझ्या भावाला पाठवायची धमकी आली.

पोलीस ठाण्यात चार खेपा. पहिल्या दिवशी तीन तास बाकावर. साहेबांनी चोराचा नंबरसुद्धा लिहून घेतला नाही, मलाच आयटी कायद्याचं ६७-ए (लैंगिक मजकूर ऑनलाइन टाकण्याचं कलम) ऐकवलं, पाच वर्षं आत जाशील म्हणाले. माझी तक्रार पैशांची होती, धमकीची होती! एक हवालदार 'पुरावा' म्हणून व्हिडिओ बघायला मागत होता. आमच्यावर कुणी लैंगिक अत्याचार केला तर २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्यात जास्तीत जास्त २ वर्षं, आणि मी माझ्या मर्जीने कमावलं तर ५ वर्षांची भीती. त्या 'मॅनेजर'ला हे पाठ आहे, म्हणूनच तो आम्हाला शोधतो.

ठाण्यात एकटीने जाऊ नका, आधी वकील गाठा. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, मी नवव्या दिवशी फोन केला, तोवर खातं रिकामं. तुम्ही पहिल्या तासात करा.

परवा नाशिकच्या मैत्रिणीला नव्या नंबरवरून मेसेज आला. नाव वेगळं, फोटो वेगळा. वाक्य तेच: "दीदी, कागदांचं मी बघतो."