रानहळद की कळलावी?

ताई, आंब्याखाली रानहळद लावू की कळलावी असं विचारलंत ना, तर या दोन्ही कंदाच्या रानफुलझाडांना तिथली अर्धी सावली चालते, दिवाळीनंतर वरचं सगळं सुकतं आणि पाऊस लागला की कंद परत फुटतात, म्हणजे उन्हाळ्यात पाण्याचं टेन्शन नाही. पण कळलावीला फुलायला ऊन जास्त लागतं, पाणी साचलं की कंद कुजतो आणि पानाचं टोक गुंडाळून ती चढते म्हणून कुंपण हवंच. फूल मात्र काय देखणं, आधी पिवळं मग लालभडक! रानहळदीला आधार नको, गुलाबी तुरा बरेच दिवस टिकतो, कंद आपोआप वाढतात. आणि मुख्य म्हणजे कळलावी अख्खी विषारी, कोल्चिसिन नावाचं विष असतं तिच्यात, कंद तर जीवघेणा. घरात पोरं-गुरं असतील तर रानहळदच लावा, पोरांचा हात पोचणार नाही असं उन्हातलं कुंपण असेल तर कळलावी. कुठलीही घ्या पण नर्सरीतून, रानातून खणून नको.