वर्गातून वाचाउपचाराकडे: चाळिशीतल्या शिक्षकापुढच्या दोन वाटा

'काकू'ला 'तातू' म्हणणारं मूल तीन वर्षांचं असतं तेव्हा गोड वाटतं. तेच मूल पहिलीत येऊनही 'तातू'च म्हणतं, तेव्हा वर्ग हसतो आणि ते हळूहळू बोलायचंच सोडून देतं. अशा मुलांसाठी चाळिशीत वाट बदलायची असेल, तर शिक्षकापुढे दोन पर्याय आहेत: स्पीच थेरपिस्ट, म्हणजे वाचाउपचार करणारे तज्ज्ञ, होणं किंवा दिव्यांग मुलांना शिकवणारे विशेष शिक्षक होणं.

सगळ्यात आधी बारावीची गुणपत्रिका बाहेर काढा. स्पीच थेरपिस्ट व्हायला बीएएसएलपी ही श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांची पदवी लागते आणि तिला बारावी विज्ञान शाखेतूनच झालेली असावी लागते. कला शाखेतून डीएडला गेलेल्यांना वीस वर्षांचा अनुभवही इथे उपयोगी पडत नाही. मला हे फार खटकतं, पण नियम तसा आहे. विशेष शिक्षकासाठी लागणाऱ्या विशेष बीएडला कोणत्याही शाखेची पदवी चालते, टक्केवारीची अट तेवढी पाहावी.

बीएएसएलपीला ४ वर्षं लागतात, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं. शाळा सांभाळून ती होत नाही. विशेष बीएड २ वर्षांचं. घरात दुसरा पगार नसेल, तर हा दोन वर्षांचा फरक फार मोठा आहे.

अभ्यासातला फरक त्याहून मोठा. बीएएसएलपीचा जवळजवळ अर्धा भाग कानाचा असतो: श्रवणचाचण्या, श्रवणयंत्रं, कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं ऐकण्याचं उपकरण). शिवाय स्वरयंत्राची रचना आणि मेंदू. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि नायर रुग्णालयाचं महाविद्यालय, पुण्यात भारती विद्यापीठ इथे हा अभ्यासक्रम शिकवला जातो. विशेष बीएड मात्र तुमच्या ओळखीच्या जगातलं: पाठ, मूल्यमापन, प्रत्येक मुलाचा वेगळा आराखडा.

पुढे कामही वेगळं. थेरपिस्टकडे फक्त मुलं येत नाहीत. पक्षाघातानंतर शब्द हरवलेले आजोबा येतात, घास गिळता न येणारे रुग्ण येतात. त्यांचं निदान आणि उपचार विशेष शिक्षकाला करता येत नाहीत. दोन्ही कामांसाठी भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय, या क्षेत्रातल्या व्यावसायिकांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी लागते. काही आठवड्यांच्या 'स्पीच थेरपी प्रमाणपत्रा'वर पैसे घालवू नका, त्याने ही नोंदणी मिळत नाही.

माझं मत विचाराल, तर मुलं आणि वर्ग हाच तुमचा जीव असेल तेव्हा विशेष बीएड घ्या. दवाखान्यातलं काम मनापासून हवं असेल आणि चार वर्षांची सोय असेल, तरच बीएएसएलपी.

ठरवण्याआधी मे महिन्याच्या सुट्टीत एखाद्या थेरपिस्टच्या आणि पालकांच्या परवानगीने आठवडाभर शेजारी बसा. गुळण्या करायला लावून जिभेचा मागचा भाग कुठे उचलतो ते मुलाला जाणवून द्यायचं, मग 'क', मग 'का', आणि कित्येक दिवसांनी 'काकू'. एका अक्षरासाठी इतका वेळ देताना तुमचं मन रमतं का, ते तिथेच कळेल.